गप्प बसण्याचं मानधन

११ मार्च २०१४ रोजी स्पॉटिफायवर ‘स्लीपिफाय’ नावाचा एक अल्बम आला. त्यात दहा ट्रॅक. पहिल्याच्या नावात एक ‘झेड’, दुसऱ्याच्या नावात दोन, असं करत करत दहाव्याच्या नावात दहा. इंग्रजी चित्रकथांत घोरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तरंगतात ना, तीच ही अक्षरं. ट्रॅकमध्ये काहीही नव्हतं. सूर नाही, ताल नाही, कुणी घसा खाकरल्याचा आवाजसुद्धा नाही. प्रत्येक ट्रॅक तीस सेकंदांहून जेमतेम मोठा आणि अख्खा अल्बम ५ मिनिटं १६ सेकंदांचा.

हा उद्योग ‘वुल्फपेक’ या फंक बँडचा. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात जमलेली ही चार पोरं. त्यांनी चाहत्यांना सांगितलं की रात्री झोपताना हा अल्बम रिपीटवर लावून ठेवा आणि खुशाल घोरा. स्पॉटिफायच्या हिशेबात एखादा ट्रॅक तीस सेकंद वाजला की तो ऐकला गेला असं धरतात. अशा एका ऐकण्यामागे तेव्हा साधारण अर्धा सेंट सुटायचा. आता गणित करा. सात तासांच्या झोपेत हा अल्बम जवळपास ८० वेळा फिरतो. दहा ट्रॅक, म्हणजे ८०० वेळा ऐकणं, म्हणजे चार डॉलर. एका झोपाळू माणसामागे एका रात्रीचे चार डॉलर! जमलेल्या पैशांतून बँड दौरा काढणार होता, त्याला तिकीट नसणार होतं, आणि ज्या गावांत लोक सर्वांत जास्त झोपतील त्या गावांना आधी जायचं असा बेत होता.

स्पॉटिफायनं आधी हसून घेतलं. त्यांच्या प्रवक्त्यानं टोमणा मारला, की आम्हाला या बँडचे आधीचे अल्बम जास्त आवडतात, हा जरा जॉन केजवरून उचललेला वाटतो. केजची ‘४’३३”’ ही वादकानं काहीच न वाजवण्याची रचना १९५२ सालची, तेव्हा टोमणा चपखल होता. पण एप्रिल संपता संपता हसू आवरलं. अल्बम नियमात बसत नाही असं सांगून तो काढायला लावला. तोवर लाखो वेळा शांतता ‘वाजून’ झाली होती आणि खात्यावर सुमारे २० हजार डॉलर जमा झाले होते. पैसे बँडला मिळाले. त्याच वर्षी दौराही झाला, बिनतिकिटाचा.

या किश्श्यावर बरेच लोक ‘कंपनीला कसं गंडवलं’ म्हणून टाळ्या पिटतात. मला ते तितकंसं पटत नाही. स्पॉटिफाय प्रत्येक गाण्याला ठरावीक भाव देत नाही. महिन्याला जमलेल्या रकमेतला कलाकारांचा हिस्सा एका ठिकाणी येतो आणि ज्याचं जितकं वाजलं त्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे वुल्फपेकच्या शांततेचे पैसे कंपनीच्या गल्ल्यातून गेले नाहीत, ते बाकीच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या वाट्यातून कणाकणानं गेले. विनोद मालकावर होता, खर्च मात्र भाऊबंदांच्या खात्यावर पडला. अर्थात हा हिशेब लोकांच्या लक्षात आला तोही याच विनोदामुळे. तोवर तीस सेकंदांचा नियम, अर्धा सेंटचा भाव, वाटपाची पद्धत यांवर सर्वसामान्य श्रोता कशाला डोकं खाजवत बसला असता?

पुढे स्पॉटिफायवर पावसाचे, पंख्याचे, समुद्राचे आवाज अपलोड करून झोपेवरच कमाई करणाऱ्यांचं पेवच फुटलं. २०२४ पासून कंपनीनं नियम बदलले. अशा नुसत्या आवाजांना पैसे हवे असतील तर ट्रॅक निदान दोन मिनिटांचा असला पाहिजे, वर त्याला गाण्यापेक्षा कमी भाव, आणि वर्षभरात हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला काहीच नाही. शेवटची अट छोट्या कलाकारांच्या मुळावर आली ती आलीच. शांतता मात्र पुन्हा एकदा कामी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या हजारावर संगीतकारांनी रिकाम्या स्टुडिओंच्या शांततेचा अल्बम काढला. त्यात केट बुश, अ‍ॅनी लेनक्स अशी नावं होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना आमची गाणी फुकट वापरू देऊ नका, हे त्यांचं म्हणणं सरकारच्या कानी घालायचं होतं, आणि बारा ट्रॅकच्या नावांतून मिळून तेच वाक्य तयार होत होतं. २०१४ साली जी टवाळी वाटली होती, तिचं अकरा वर्षांत निवेदन झालं.

पण या बँडकडे नुसतं या एका करामतीसाठी पाहणं अन्यायाचं होईल. ते वाजवतात फार चांगलं.

जॅक स्ट्रॅटन, थिओ कॅट्झमन, वुडी गॉस आणि जो डार्ट. सगळे मिशिगन विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या आसपास भेटले. स्ट्रॅटन ड्रम वाजवतो, पण मनात आलं की कीबोर्डवर किंवा गिटारवर जाऊन बसतो. मग कॅट्झमन गिटार खाली ठेवून ड्रमवर येतो आणि तिथून गातोही. गॉसकडे कीबोर्ड. डार्ट मात्र जागचा हलत नाही. काळा चष्मा, कोंबड्यासारखी पुढेमागे हलणारी मान आणि हातात बास गिटार. २०११ साली ‘बीस्टली’ नावाच्या तुकड्यापासून त्यांनी सुरुवात केली, तीच एका थापेपासून. स्ट्रॅटननं राइनहोल्ड माक या जर्मन ध्वनिमुद्रकाची मुलाखत वाचली होती. त्यावरून त्याच्या डोक्यात आलं, की साठच्या दशकात अमेरिकी स्टुडिओंमध्ये हाताशी ठेवलेले वादकांचे ताफे असायचे, तसा एखादा जर्मनीत असता तर? म्हणून बँडचं नाव लांडग्यांच्या कळपाचं, पण जर्मन धाटणीनं मोडलेलं, आणि ‘मिट पेक’, ‘फोलमिल्ख’ अशी पहिल्या रेकॉर्डची नावं. जर्मनीशी बाकी काडीचा संबंध नाही.

थाप जर्मन होती, तरी तिचं मूळ गाव अ‍ॅन आर्बरहून अवघ्या सत्तर किलोमीटरवर होतं. डेट्रॉइटमधल्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ क्रमांकाचं घर आहे. मोटाउन कंपनीचा स्टुडिओ तिथेच होता, आणि तिथल्या वादकांना ‘फंक ब्रदर्स’ म्हणत. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे अशा सगळ्यांच्या मागे हेच लोक वाजवायचे. मात्र १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत मोटाउनच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावं छापली जात नसत. यातला बासवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटानं तारा छेडायचा. त्या बोटाला ‘हूक’ असं नाव पडलं होतं. आज जगातला कुठलाही बासवादक त्याचं नाव कानाला हात लावून घेतो. १९८३ साली मोटाउनच्या पंचविशीचा मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा त्याला आमंत्रण नव्हतं. तिकीट विकत घेऊन तो प्रेक्षकांत बाल्कनीत बसला होता, असं त्याच्यावरच्या पुस्तकात नोंदवलेलं आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो गेला.

ही गोष्ट मुंबईला नवी नाही. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, व्हायोलिन त्यांचं, स्वरलिपीत मांडून देणंही त्यांचं, आणि पडद्यावर नाव संगीत दिग्दर्शकाचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, संयोजक आणि अनेकांचे गुरू. त्यांचं नाव घराघरांत पोचलं ते त्यांच्या कामामुळे नव्हे, तर १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे गाण्यात ते घातलं गेलं म्हणून. आणि तेव्हाही लोकांना वाटलं की हे अमिताभच्या पात्राचंच नाव!

वुल्फपेकनं २०१६ च्या ‘द ब्यूटिफुल गेम’ या अल्बमच्या शेवटी एक वाद्यरचना ठेवली. त्यात बाहेरून येऊन वाजवणाऱ्या मिनियापोलिसच्या गिटारवादकाचं नाव कोरी वाँग. रचनेचं नावही ‘कोरी वाँग’. पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये त्यांनी जेम्स गॅडसन आणि डेव्हिड टी. वॉकर या दोन बुजुर्गांना बोलावलं. गायक बिल विदर्सच्या ‘यूज मी’वर जो ड्रम ऐकू येतो तो गॅडसनचा. वॉकरची गिटार तर मोटाउनच्या कितीतरी रेकॉर्डवर आहे. या दोघांची नावं वेष्टनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाहीत, गाण्याच्या शीर्षकालाच जोडलेली आहेत. ज्या परंपरेत वादकाचं नाव गाळायचीच रीत होती, तिथे नाव असं ठळक लावणं मला त्यांच्या सगळ्या चेष्टांपेक्षा गंभीर वाटतं.

आता फंक म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगायचं तर कठीण, पण आपल्याला त्याची एक किल्ली आयती मिळालेली आहे, ती म्हणजे सम. रॉक अँड रोल आणि सोलमध्ये चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते. साठच्या दशकाच्या मध्यावर गायक जेम्स ब्राउननं सगळा भार पहिल्या मात्रेवर आणून टाकला. ‘द वन’ म्हणायचा तो तिला. समेवर सगळ्यांनी एकत्र यायचं आणि मग चार मात्रांच्या सोळा तुकड्यांत आपापल्या जागा वाटून घ्यायच्या. गिटारनं तारा दाबून नुसती ‘चिक्’ करायची, बासनं तिच्या पुढच्या फटीत शिरायचं, ड्रमवाल्यानं स्नेअरवर ऐकू येईल-न येईल असे हलके ठोके पेरायचे. कुणीही दुसऱ्याच्या जागेत पाय टाकायचा नाही. त्यामुळे फंक वाजवणाऱ्याची खरी परीक्षा बोटं किती पळतात यात नसते. कुठे थांबला, यात असते. डार्टच्या बासमध्ये हे चांगलं कळतं. सूर लावला की तो लगेच तोडतो, आणि तुटलेल्या जागी ड्रमचा ठोका बसतो. त्याच्या नावानं म्युझिक मॅन कंपनीनं जी बास गिटार काढली तिच्यावर एकच बटण आहे, आवाज कमी-जास्त करण्याचं. बाकीची दोन-तीन बटणं त्याला नकोच होती.

ध्वनिमुद्रणाची रीतही अशीच आखडती. घरातली एखादी खोली, मोजके मायक्रोफोन, चौघं एकमेकांकडे तोंड करून बसलेले. कॅमेरा चालू असताना जे वाजलं तेच रेकॉर्डवर. व्हिडिओ वेगळा आणि गाणं वेगळं असा प्रकार सहसा नाही. आवाज किंचित दाबलेला, जुन्या रेडिओतून आल्यासारखा. हा दाब देणारं सॉफ्टवेअर स्ट्रॅटननं एका कंपनीबरोबर मिळून बनवलं आणि विकायला ठेवलं. व्हिडिओवरची अक्षरं साठच्या दशकातल्या आयबीएम सिलेक्ट्रिक टाइपरायटरच्या वळणाची, तर त्यासाठी स्वतंत्र फाँट करून घेतला आणि तोही विकायला ठेवला. जुनेपणाचा हा सोस कधी कधी अति होतो, हे कबूल करायला हवं. दर व्हिडिओत तीच झिरझिरीत चित्रं आणि तीच तिरकी अक्षरं पाहून कंटाळा येतो. पण वाजवणं सुरू झालं की तक्रार विरते.

आणि विनोद? आपल्याकडे विनोदी गाणं म्हटलं की शब्दांची कोटी, द्व्यर्थ, नाहीतर विडंबन. वुल्फपेकची तऱ्हा निराळी. विषय रोजचाच, अगदी क्षुल्लक, आणि त्यावर ओतलेलं संगीत मात्र जिवाच्या आकांताचं. ‘१६१२’ हे त्यांचं गाजलेलं गाणं घ्या. हा आकडा दाराच्या कुलुपाचा कोड आहे. पाहुण्याला घरात शिरता यावं म्हणून मित्र मोबाइलवर जो मजकूर पाठवेल, तसा मजकूर. तो गायला फ्लिंट गावचा अँट्वॉन स्टॅनली. चर्चमध्ये तयार झालेला वाटावा असा गळा, प्रेमभंगाचं गाणं असावं तशी आर्जवं, ताना, किंकाळी, आणि मुद्दा काय, तर चार आकडी कोड. स्टॅनली एकदाही हसत नाही. तो हसला असता तर गाणं तिथेच मेलं असतं.

बाकीच्या शीर्षकांवरून नजर फिरवली तरी रोजचंच सगळं दिसतं. एक गाणं ऑफिसात घालायच्या ‘बिझनेस कॅज्युअल’ कपड्यांच्या नावाचं. एका शीर्षकात कुणीतरी वडिलांना सांगतंय की त्याच्याकडे टेस्ला आहे. बर्फाळ मिशिगनच्या मुलांनी लॉस एंजेलिसच्या उन्हातल्या नाताळावर गाणं केलं. अर्थशास्त्रज्ञ केन्सनं बाजाराच्या लहरीला ‘अ‍ॅनिमल स्पिरिट्स’ म्हटलं होतं, ते शब्द उचलून प्रेमगीत झालं. ‘थ्रिल ऑफ द आर्ट्स’ या अल्बमच्या शेवटी चक्क हसण्याचं ध्यान आहे, आणि पाठोपाठ सूचनांसह तेच ध्यान, मोबाइलवरच्या ध्यानाच्या अ‍ॅपसारखं. यातली सगळीच गाणी जमली आहेत असं नाही. काही नुसत्या शीर्षकापुरत्या गमती आहेत, ऐकायला गेलं तर सरळ वाद्यरचना निघतात.

फंकमध्ये थट्टा यांनी आणलेली नाही. न्यू जर्सीत केशकर्तनालय चालवणारा जॉर्ज क्लिंटन सत्तरच्या दशकात ‘पार्लमेंट-फंकाडेलिक’चा ताफा घेऊन निघाला. १९७६ मध्ये त्यानं रंगमंचावर अंतराळयान उतरवलं. नाचायला नकार देणारा ‘सर नोज’ नावाचा खलनायक उभा केला, आणि त्याला शेवटी नाचायला लावलं. आज त्या यानाची पुढची आवृत्ती वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्लिंटनची थट्टा ज्यांना बसच्या पुढच्या बाकावर बसू दिलं जात नव्हतं अशा लोकांना अंतराळात कप्तान करणारी होती. न्यूझीलंडच्या ‘फ्लाइट ऑफ द कॉन्कर्ड्स’नं नंतर ‘बिझनेस टाइम’मध्ये संसारी जोडप्याच्या ठरलेल्या वारी उरकायच्या प्रणयाची खिल्ली उडवली. लॉस एंजेलिसच्या लुई कोलनं बँकेतली शिल्लक बघायची हिंमत होत नाही, एवढ्यावरच छोटंसं गाणं केलं, दोन चौकटींत दोनदा स्वतःच दिसत. ही अलीकडची थट्टा मध्यमवर्गीय आहे, फुरसतीची आहे. तिच्यात दुखावलेपण कमी आणि चटपटीतपणा जास्त आहे.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या कृष्णवर्णीय वादकांचं हे संगीत. ते विद्यापीठात शिकलेली, बहुतांशी गोरी मुलं गमतीगमतीत वाजवतात आणि नाव कमावतात. ‘फंकी ड्रमर’ या १९७० च्या गाण्यातला क्लाइड स्टबलफील्डचा जेमतेम वीस सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढच्यांनी हजारावर गाण्यांत कापून वापरला. गाण्याचा हक्क जेम्स ब्राउनच्या नावावर असल्यामुळे स्टबलफील्डला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. २०१७ साली तो वारला. पूर्ण शांततेला वीस हजार डॉलर आणि त्या वीस सेकंदांना शून्य, ही दोन्ही खाती एकाच धंद्याची. वुल्फपेकनं ही विषमता घडवली नाही आणि ते आपलं ऋण लपवतही नाहीत. गॅडसन-वॉकरना मानानं बोलावणं हा त्याचा एक भाग झाला. तेवढ्यानं फेड झाली असं मात्र मी म्हणणार नाही.

हिशेबाशी खेळायची खोड त्यांची पुढेही गेली नाही. आधी चाहत्यांकडून पैसे गोळा करायचे, मग ऑर्डर येतील तेवढ्याच तबकड्या छापायच्या. मॅनेजर नाही, बडी रेकॉर्ड कंपनी नाही. असं करत २८ सप्टेंबर २०१९ रोजी ते न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर उभे राहिले, सगळी तिकिटं खपवून. त्या रात्रीचं चित्रण पाहाच, ते यूट्यूबवर फुकट आहे. त्यात ‘डीन टाउन’ येतं. बासवादक जाको पास्टोरियसच्या १९७७ मधल्या ‘टीन टाउन’ला केलेला हा नमस्कार. रचनेला शब्द नाहीत, आहे ती फक्त डार्टच्या बासची नागमोडी, दमछाक करणारी ओळ. आणि ती ओळ अख्खं गार्डन गातं! एकही शब्द नसलेली, सोळाव्या हिश्शांची वळणं, एकेका वळणाला हजारो गळे बरोबर. जेमर्सनच्या काळी बास रेडिओवर धड ऐकूही येत नसे.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी ई-बेवर एक लिलाव लावला. येणाऱ्या अल्बममधला दहावा ट्रॅक विकणे आहे. जो सर्वांत जास्त बोली लावेल त्यानं आपलं काहीही पाठवावं, आम्ही ते आमच्या अल्बममध्ये, आमच्या श्रोत्यांपुढे ठेवू. जागा दाखवून भाडं घ्यायचा हा सरळ व्यवहार होता, आणि अल्बमचं नावही त्याला साजेसं निघालं, ‘द जॉय ऑफ म्युझिक, द जॉब ऑफ रिअल इस्टेट’. बोली ७०,१०० डॉलरवर थांबली. ‘अर्थक्वेक लाइट्स’ या फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडनं ती जागा घेतली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अल्बम आला, आणि दहाव्या क्रमांकावर त्यांचं ‘ऑफ अँड अवे’ हे गाणं ठरल्याप्रमाणे लागलं. गाणं बरं आहे. वुल्फपेकचं वाटत नाही, पण त्यासाठी त्यांनी पैसे भरलेही नव्हते.